दोन पाकिटांतलं मत

आमच्या आज्जीनं आपलं शेवटचं मत घरातच दिलं, देवघराशेजारच्या खोलीत, तांदळाच्या कणगीला टेकून बसून.

२०२३ च्या विधानसभेला कर्नाटकात ८० वर्षांवरच्या मतदारांसाठी घरून मत देण्याची सोय झाली होती. आज्जी ८४ ची. गुडघे गेलेले, शाळेचा चढ तिला आता झेपणारा नव्हता. बीएलओ बाई, म्हणजे बूथची मतदार यादी सांभाळणाऱ्या, आधीच येऊन अर्जावर तिची सही घेऊन गेल्या होत्या. मतदान १० मे ला होतं, पण त्याच्या आधीच एका सकाळी अंगणात जीप येऊन थांबली. दोन अधिकारी, एक पोलीस, व्हिडिओ काढणारा पोरगा आणि घडी घातलेला पुठ्ठ्याचा आडोसा.

मी तेव्हा माहेरी होते. आमचं गाव खानापूर तालुक्यात, मलप्रभेपासून कोसभर. जीप आली म्हटल्यावर कुणी न बोलावता घरातली सगळी माणसं माजघरात जमली. वहिनीनं आज्जीला धुतलेलं लुगडं नेसवलं, कपाळाला बुक्का लावला. अप्पा तिच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "आई, आबांची आठवण ठेव." एवढंच. आबा म्हणजे माझे आजोबा, आणि आमच्या घरात त्याचा अर्थ समिती, बेळगावचा मराठी भाग महाराष्ट्रात यावा म्हणून झगडणारी महाराष्ट्र एकीकरण समिती. काका म्हणाले, "देवळाला स्लॅब कुणी घातला तेवढं ध्यानात असू दे." काकांचा मुलगा तिच्या पायाशी बसला. "आज्जी, हिंदू म्हणून घाल. बाकी काय बघू नको."

तिघांचाही तिच्यावर जीव. तिघंही जे बोलले ते मनापासून. पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट घर करून बसली आहे. एकानंही उमेदवाराचं नाव घेतलं नाही. रस्ता, पाणी, दवाखाना, उसाचा दर, यातलं काहीच कुणाच्या तोंडात आलं नाही. एकानं गेलेल्या माणसाची आण घातली, एकानं देवळाची, एकानं धर्माची. बंद खोलीत मत द्यायला निघालेल्या म्हातारीच्या मागोमाग एवढी मंडळी आत चालली होती.

अधिकाऱ्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं. आम्ही पडवीत बसलो. आतून कन्नडमध्ये समजावण्याचा आवाज येत होता आणि मग आज्जीचा आवाज आला, अगदी स्वच्छ: "गोत्तैति री." माहीत आहे हो.

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. आबा असेपर्यंत त्या उंबऱ्याच्या आत कन्नडचा एक शब्द कुणी उच्चारला नव्हता.

आज्जी लग्न होऊन या घरात आली ते साल १९५६. त्या वर्षीच्या जानेवारीत बेळगाव म्हैसूर राज्यात जाणार असं रेडिओवर जाहीर झालं, लोक रस्त्यावर आले आणि १७ जानेवारीला शहरात गोळीबार झाला. १ नोव्हेंबरला मुंबई राज्यातलं बेळगाव खरोखरच म्हैसुरात गेलं. आबा तेव्हा विशीतले. गोळीबाराच्या दिवशी ते बेळगावातच होते. काय पाहिलं ते त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. पण पुढं हयातभर दर १७ जानेवारीला ते हुतात्मा चौकात अनवाणी जायचे, घरी आल्यावर अंघोळ करायचे आणि मगच पानावर बसायचे. समितीनं साराबंदी पुकारली तेव्हा आमच्या घरानं सारा भरला नाही. जप्तीत आज्जीची माहेरची तांब्याची घागर गेली. ती घागर परत आली नाही. घरात तिचा उल्लेख मात्र एखाद्या गेलेल्या मुलीसारखा व्हायचा.

मी पाच वर्षांची असताना, १९८६ च्या जूनमध्ये, कन्नड सक्तीविरुद्ध आंदोलन पेटलं. पुन्हा गोळीबार, पुन्हा हुतात्मे. आबा पाठीवर वळ घेऊन घरी आले आणि आज्जी रात्रभर मीठ गरम करून शेकत बसली. तेव्हापासून आमच्या घरात १ जून हीही तिथी झाली, हिंडलग्याच्या स्मारकावर जाण्याची. १ नोव्हेंबरला काळा दिन, सायकल फेरी, दंडाला काळी फीत. पितृपंधरवडा आणि हे दिवस यांतला फरक मला लहानपणी कळत नसे. दोन्हीकडे मोठी माणसं गंभीर असत, दोन्हीकडे गेलेल्या माणसांची नावं घेतली जात.

आमच्या घरात मत देणं म्हणजे काय, ते इथून सुरू होतं. समितीला मत घालणं हे श्राद्धासारखं होतं. श्राद्ध केल्यानं काय मिळतं, असं कुणी विचारत नाही. ते घराकडून गेलेल्यांना द्यायचं असतं. समितीचा उमेदवार निवडून आल्यावर बेंगळूरला जाऊन काय करणार, पाचशे किलोमीटरवरच्या सभागृहात त्याचं कोण ऐकणार, हे प्रश्न आमच्याकडे उद्धटपणाचे वाटायचे. सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७ ला अहवाल दिला, बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवावं आणि खानापूर, निपाणीसकट २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत असं त्यात होतं. महाराष्ट्रानं तो मानला नाही. २००४ ला महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दावा घातला, तो अजून चालूच आहे. इतकी वर्षं नुसती वाट बघण्यात गेली की वाट बघणं हाच कुळाचार होऊन बसतो.

समितीचे उमेदवार अपक्ष म्हणून उभे राहतात, त्यामुळं त्यांना कायमचं चिन्ह नाही. दर खेपेला नवं. आबा त्यावर उपाय करायचे. चिन्ह मिळालं की चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं ते काढून ठेवायचे. पंधरा दिवस भाकरी थापताना आज्जीच्या डोळ्यांसमोर तेच. मतदान झालं की ती शेणाच्या हातानं भिंत सारवून टाकायची. मला आठवतंय तेव्हापासून हेच चाललेलं मी बघत आले.

तरी आबा कडवे होते असं मला म्हणवत नाही. ते माळकरी होते, आणि ज्या विठ्ठलासाठी ते चालत पंढरीला जात, त्याला ज्ञानदेवांनीच कानडा म्हणून ठेवलंय हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. मार्गशीर्ष पौर्णिमेला ते सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जायचे. तिथले पुजारी कन्नड, आजूबाजूची जत्रा निम्मी कन्नड, आणि आबा भंडाऱ्यानं माखून त्याच गर्दीत "उदो गं आई उदो" ओरडत. आमची मलप्रभा कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी उगम पावते, आमच्या शेतांजवळून जाते, सौंदत्तीला यल्लम्माच्या पायथ्याशी अडते आणि शेवटी कुडलसंगमाला, बसवण्णांच्या समाधीपाशी, कृष्णेला मिळते. मी एकदा आबांना हे नकाशावर दाखवलं. ते बराच वेळ नकाशाकडे बघत राहिले. म्हणाले, "देवाला सीमा नसते बाळ. माणसाला असते." आणि दुसऱ्या दिवशी काळ्या फिती कापायला बसले. देवाच्या बाबतीत मोकळा असलेला माणूस भाषेच्या बाबतीत इतका सोवळा कसा, हे कोडं मला आजही सुटत नाही. एवढंच कळतं की त्यांची श्रद्धा दोन जागी राहत होती आणि मत देताना त्यांतली एकच बाहेर यायची.

२००६ ला माझं लग्न झालं आणि मी शहापुरात आले. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं, विणकरांची जुनी वस्ती. सासऱ्यांचे दोन माग होते. घरात मराठी, मागावरच्या माणसांशी कन्नड, आणि दोन्हीत सारखीच माया. मी त्यांना मामा म्हणते. १९८९ ला गावोगाव रामशिला पूजन झालं त्याची पावती मामांनी ज्ञानेश्वरीच्या पोथीत जपून ठेवलेली आहे. त्या पावतीपासून या घराचं मत कमळाला. त्याआधी ते कुठं जात होतं, ते मामा सांगत नाहीत.

लग्न झाल्यावर बाईचं कुलदैवत बदलतं. माहेरचा जोतिबा मागं राहिला, सासरची यल्लम्मा माझी झाली. पहिल्या ओटीच्या वेळी मी डोंगरावर उभी होते आणि आबांची आठवण येऊन मला रडू आलं, कारण देवी तीच होती. पण मताचंही असंच बदलायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. २००८ ला रांगेत सासूबाई माझ्या पुढं होत्या. वळून अगदी साधेपणानं म्हणाल्या, "आपलं कमळ बरं का." पोळीला तूप लाव म्हणाव्यात तसं. त्यात धाक नव्हता. सून म्हणजे आपलं माणूस, आणि आपल्या माणसाचं मत आपलं, इतकं सरळ होतं ते. मी आत जाऊन समितीचं बटण दाबलं. घरी आल्यावर जेवताना सासूबाईंनी माझ्या ताटात आग्रहानं वाढलं आणि माझ्या घशाखाली घास उतरेना. परक्या देवाचा नैवेद्य चोरून दुसऱ्या देवाला दाखवल्यासारखं वाटत होतं.

२०१३ ला बेळगाव दक्षिण आणि खानापूर या दोन्ही ठिकाणी समितीचे आमदार आले. माहेरी गुलाल, सासरी मामा न जेवता झोपले. दोन्ही घरं माझी. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की हे मत माझं नाहीच. ते आबांचं आहे, मी नुसती पोचवते. आणि म्हणून २०१८ ला मी वेगळं मत दिलं, उमेदवार बघून, आमच्या गल्लीच्या पाण्याचा विचार करून. अप्पांनी फोनवर विचारलं, "घातलंस ना?" मी "हो" म्हटलं. बापाशी खोटं बोलले. मत बदलल्याचं मला वाईट वाटत नाही. खोटं बोलावं लागलं याचं वाटतं, आणि ते अजून वाटतं.

हे बायकांच्या बाबतीत जास्त होतं असं माझं ठाम म्हणणं आहे. पुरुषाचं मत त्याच्या बापाकडून येतं आणि मरेपर्यंत त्याच घरात राहतं. बाईचं मत दोनदा वारशानं येतं, आणि दोन्ही वारसे एकमेकांच्या विरुद्ध असले तर ती गप्प राहायला शिकते. आमच्या बचत गटात अठरा बायका आहेत. राजकारणाचा विषय निघाला की सगळ्या "आमच्या ह्यांना विचारा" म्हणतात. माझा अनुभव असा की असं म्हणणाऱ्या बाईनं मत कधीच ठरवून ठेवलेलं असतं.

माझ्या चुलतभावाचं आता सांगते. त्याच्यावर रागावणं सोपं आहे. अप्पा रागावतात, अबोला धरतात. मला तसं जमत नाही, कारण तो कसा बदलला ते मी जवळून पाहिलं आहे. तो बदललाच नाही असंही म्हणता येईल. लहानपणापासून त्याच्या कानावर काय पडलं? शिवाजी महाराज, भगवा, अन्याय, हुतात्मे. बेळगावच्या शिवजयंतीला चित्ररथाच्या मिरवणुकीत तो मावळा होऊन बसायचा. आबांसाठी भगवा मराठीचा होता. त्याच्यासाठी तो हिंदूंचा झाला. कापड तेच, खांदा तोच. मधे जागतिक घडामोडी झाल्या, मोबाईल आला, पण मला वाटतं खरी गोष्ट याहून साधी आहे. आबांच्या श्रद्धेनं त्याला फक्त वाट बघायला सांगितलं. दुसऱ्या श्रद्धेनं त्याला जिंकण्याची चव दिली. पंचविशीतल्या पोराला साठ वर्षांची हार वारशानं देऊन तो ती आनंदानं सांभाळेल असं धरून चालणं, ही चूक आमचीच.

आणि राजकारणी माणसांना हे आमच्याआधी कळलं. २०२३ च्या मार्चमध्ये येळ्ळूरच्या राजहंसगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. तीन दिवसांच्या अंतरानं दोनदा झालं. आधी भाजपचे मुख्यमंत्री बोम्मई आले, मग काँग्रेसच्या आमदार लक्ष्मी हेब्बाळकरांनी वेगळा सोहळा केला. मग समितीनं तिथं शुद्धीकरण केलं, महाराजांना अभिषेक घातला. महाराज एक, गड एक, आणि दोन महिन्यांवर निवडणूक. आमच्या श्रद्धेची किल्ली कुठं आहे ते सगळ्यांना सापडलेलं होतं. त्याच वर्षी बेळगाव दक्षिणमध्ये समितीनं रमाकांत कोंडुसकरांना उभं केलं, जे श्रीराम सेना हिंदुस्थानचे. भाषा आणि धर्म एका माणसात बसवून पाहण्याचा तो प्रयत्न होता. माझा भाऊ खानापूरचा मतदार, पण प्रचाराला बेळगावात गेला, कोंडुसकरांच्या. अप्पांशी त्या पंधरा दिवसांत तो पुन्हा बोलायला लागला होता. जागा आली नाही आणि बोलणंही पुन्हा थांबलं.

तरी समिती संपली असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. भाजपचे खासदार सुरेश अंगडी गेल्यावर २०२१ ला बेळगावात लोकसभेची पोटनिवडणूक झाली. समितीच्या शुभम शेळके या तरुण उमेदवाराला १ लाख १७ हजारांवर मतं पडली. भाजपची जागा तेव्हा जेमतेम ५ हजारांच्या फरकानं वाचली. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महापालिकेच्या ५८ पैकी ३५ वॉर्डांत भाजप निवडून आला. हीच शहरातली माणसं, पाच महिन्यांच्या अंतरानं. लोकांची मनं इतकी सरळ रेषेत चालत नाहीत. एकाच माणसाच्या आत हुतात्मा चौकही असतो आणि राममंदिरही, आणि कुठल्या दिवशी कोण जागं होईल सांगता येत नाही. खानापूरनंच २००८ पासूनच्या चार निवडणुकांत भाजप, समिती, काँग्रेस आणि पुन्हा भाजप असे आमदार दिले.

निपाणीची माझी एक मैत्रीण आहे, कॉलेजपासूनची. तिची आई विड्या वळायची. तंबाखूच्या धुळीनं त्या माउलीची छाती आयुष्यभर वाजत राहिली. एकदा मी तिला आमच्या घराचं १९५६ सांगत होते. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "आमच्याकडंही १९५६ च आहे. पण तुझं १ नोव्हेंबर, आमचं १४ ऑक्टोबर." अठरा दिवसांचं अंतर. तिचे आजोबा नागपूरला गेले नव्हते, पण बाबासाहेबांनी दीक्षा घेतल्याची बातमी आली तेव्हा त्यांनी घरातले देव नदीत सोडले. १९२५ ला बाबासाहेब निपाणीला बहिष्कृतांच्या परिषदेसाठी आले होते, ही गोष्ट त्यांच्या घरात आमच्या गोळीबाराच्या गोष्टीसारखी सांगतात. त्या घरातलं मत सीमाप्रश्नाला कधी गेलं नाही. आमच्या वस्तीला पाणी द्यायला महाराष्ट्रातले मराठी आणि कर्नाटकातले कन्नड दोघंही सारखेच उशिरा आले, असं तिची आई म्हणायची. मी मराठी, ती मराठी, बोलीसुद्धा एक. आणि ज्या जखमेला आम्ही आमच्या भागाची जखम म्हणत आलो, ती तिच्या अंगावर नव्हतीच. हे कळायला मला पस्तिशी गाठावी लागली याची मला खंत आहे.

काकांच्या स्लॅबचं राहिलं. आमच्या भागात गावच्या लक्ष्मीची यात्रा बारा, वीस, कधी त्याहून जास्त वर्षांनी भरते. त्याआधी देवळाचा जीर्णोद्धार काढायचा, घरटी वर्गणी, लेकी-जावयांना बोलावणं, सगळं गाव चुन्यानं रंगवायचं. कितीही वर्गणी काढली तरी स्लॅबला पैसे कमी पडतातच. मग पंच कोणाकडं तरी जातात. तो देतो. देवीच्या गाभाऱ्यात नारळ ठेवून गाव "एक होतं". इथं पैसे घेऊन मत विकलं असं कुणाच्या मनातसुद्धा नसतं. देवीचं काम ज्यानं केलं, त्याचं देणं फेडायचं, एवढंच असतं. माझे काका आयुष्यात कुणाचा चहा फुकट प्यायले नाहीत. म्हणून तर त्यांना त्या स्लॅबचं ओझं जास्त.

पण एक गोष्ट मला सहन होत नाही. शहरात एका हळदीकुंकवाला आम्हा बायकांना बोलावलं होतं. वाण म्हणून कुकर दिला आणि निघताना प्रत्येकीच्या तळहातावर भंडारा ठेवून, "आईची आण आहे" असं म्हणवून घेतलं. माझ्या शेजारची बाई थरथरत होती. तिचा मुलगा आजारी होता, यल्लम्माला नवस बोललेला होता. तिनं ते मत बरोबर त्याच ठिकाणी घातलं असणार याबद्दल मला शंका नाही. कुकर तिनं कधी वापरला नाही. श्रद्धा घरातून येते, आबांकडून, पोथीतल्या पावतीतून, १४ ऑक्टोबरमधून. ती मताला वळण देते, हे मी समजू शकते, त्याचा मान ठेवते. पण कुणीतरी बाहेरून येऊन आजारी पोराच्या आईच्या हातावर देवी ठेवावी, याला मी पाप म्हणते. दुसरा शब्द माझ्याकडं नाही.

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ मध्ये धर्म, वंश, जात, समाज आणि भाषा यांच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट मार्ग ठरवलाय. सर्वोच्च न्यायालयानं २ जानेवारी २०१७ ला, सात न्यायाधीशांत चार विरुद्ध तीन अशा निकालानं, त्याचा अर्थ आणखी रुंद केला: उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म पुढं करूनही मत मागता येणार नाही. त्या यादीत भाषा आहे हे वाचलं तेव्हा मला आबांची फार आठवण झाली. पण कायदा मागणाऱ्याचं तोंड धरतो. देणाऱ्याच्या मनात आधीच जे बसलेलं आहे, तिथं तो जात नाही, आणि जाऊही नये.

त्या सकाळी आज्जीला बराच वेळ लागला. पडवीत काका तंबाखू मळत होते, भाऊ मोबाईल बघत होता, अप्पा नुसतेच जमिनीकडं बघत होते. आत आडोशामागं आज्जी आणि तिचा कागद. मग लहान पाकीट, त्यासोबत सहीचा कागद, मग ते सगळं मोठ्या पाकिटात. डिंकाचा वास पडवीपर्यंत आला. अधिकारी बाहेर आले, आज्जीला हात जोडले आणि जीपमध्ये बसून पुढच्या गावाला गेले.

१३ मे ला निकाल लागला. खानापूरला भाजपचे विठ्ठल हलगेकर आले. भाऊ म्हणाला, "आज्जीनं घातलं म्हणून." काका म्हणाले, आज्जीनं देवळाचं देणं फेडलं. अप्पा काही बोलले नाहीत, पण आबांच्या फोटोला त्यांनी हार घातला होता. प्रत्येकानं तिचं मत आपल्या खात्यात धरलेलं होतं. आज्जी तांदूळ निवडत होती.

रात्री मी तिच्या गुडघ्यांना तेल लावायला बसले. घर झोपलेलं. मी विचारलं, "आज्जी, तू कन्नड कधी शिकलीस गे?"

"बाजारात. बसच्या पाट्या वाचून. तुझ्या आबाला ठाऊक नव्हतं."

"आणि मत?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. स्वयंपाकघरात दिवा होता. चुलीची जागा जाऊन तिथं गॅस आला त्याला तीन वर्षं झाली होती, आणि मागच्या भिंतीला पांढऱ्या फरशा बसवल्या होत्या. २०१८ ला, आबा गेल्यावर, अप्पांनी तिथं शेवटचं चिन्ह काढलं होतं. तेव्हा समितीतच दोन गट, दोन उमेदवार, म्हणून दोन चिन्हं. आज्जी पंधरा दिवस त्या दोन्हींकडं बघून भाकरी थापत होती.

"ह्या खेपेला भिंत कोरी होती बघ, बाय," ती म्हणाली. मग पाय बदलला. "आता ह्या गुडघ्याला लाव."